तंजावरची यात्रा : शिवालय, मूर्तिशाळा आणि सरस्वती महाल

महाशिवरात्रीचे पर्व जवळ आले की महाराष्ट्रातील भाविकाचे मन साहजिकच त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, परळी वैजनाथ, औंढा नागनाथ या आपल्या ज्योतिर्लिंगांकडे धाव घेते. ते योग्यच आहे. परंतु कावेरीच्या काठी असे एक शिवक्षेत्र आहे, की ज्याच्या दगडी भिंतीवर आपल्याच मराठी भाषेतील एक प्रदीर्घ लेख कोरलेला आहे, आणि तो वाचण्यासाठी आपल्यापैकी फारच थोडे जण तेथवर जातात. हे क्षेत्र म्हणजे तंजावर. रामेश्वरच्या यात्रेला निघालेली कुटुंबे बहुधा तंजावरला तासाभराचा थांबा घेतात, मोठ्या नंदीसमोर नमस्कार करतात आणि पुढच्या गाडीला लागतात. राजवाड्यातील मूर्तिशाळा आणि ग्रंथालय पाहण्याचे राहूनच जाते. ‘वस्तुसंग्रहालयात काय पाहायचे? आम्ही देवदर्शनाला आलो आहोत,’ असा त्यामागील विचार असतो.

तंजावरपुरता तरी हा विचार बदलावा असे वाटते. येथील मंदिर, मूर्तिशाळा आणि ग्रंथभांडार ही एकाच उपासनेची तीन अंगे आहेत. मंदिरात ती उपासना शिलारूपाने उभी आहे, मूर्तिशाळेत धातुरूपाने आणि सरस्वती महालात ताडपत्रे व पोथ्यांच्या रूपाने. तिन्ही पाहिल्यावाचून तंजावरचे दर्शन पुरे झाले असे म्हणता येणार नाही. यासाठी किमान दोन पूर्ण दिवस हाती हवेत, आणि त्यांची आखणी घरातूनच करून निघावे हे उत्तम.

प्रवासाचा काळ आणि मार्ग

महाराष्ट्रातून जाणाऱ्याने प्रथम चेन्नई गाठावी. तेथून कुंभकोणमवरून जाणाऱ्या लोहमार्गाने तंजावर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. विमानाने जाणाऱ्यांस तिरुचिरापल्ली जवळ पडते. तेथून तंजावरला मोटारीने जाण्यास साधारण दीड तास लागतो. मुक्काम तंजावर शहरातच करावा. मंदिर आणि राजवाडा यांतील अंतर दोन किलोमीटरच्या आतबाहेर असल्याने रिक्षाने सहज ये-जा होते.

ऋतूचा विचार अगत्याने करावा. तामिळनाडूच्या या भागात मुख्य पाऊस आपल्याप्रमाणे आषाढ-श्रावणात न पडता आश्विन-कार्तिकात, ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर येतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत निघालेल्यांची पुष्कळदा पावसाशी गाठ पडते. पौषापासून फाल्गुनापर्यंतचा काळ सर्वांत सुखाचा. मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला तिकडे माट्टु पोंगल म्हणतात, मंदिरातील महानंदीला भाज्या, फळे आणि मिठाई यांनी नखशिखान्त सजवितात. महाशिवरात्रीला रात्रभर चारही यामांची पूजा चालते आणि त्याच पर्वापासून मंदिराच्या आवारात नृत्यसेवेचा उत्सव सुरू होतो. चैत्र-वैशाखात रथोत्सव असतो. सुमारे शंभर वर्षे खंडित झालेली ही रथयात्रा २०१५ साली पुन्हा सुरू झाली. मात्र त्या दिवसांत ऊन फार प्रखर असते.

राजराजाचे शिवालय

बृहदीश्वराचे मंदिर चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधविले. आपल्या राज्यकारभाराच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. १०१० मध्ये, त्याने विमानावर चढविण्यासाठी कलश अर्पण केला. त्या काळी मंदिराचे नाव ‘राजराजेश्वर’ असे होते. तमिळ भाविक आजही त्याला ‘पेरुवुडैयार कोविल’, म्हणजे महादेवाचे मोठे देऊळ, म्हणतात. तेरा मजल्यांचे हे विमान दोनशे फुटांहून उंच आहे आणि ते संपूर्ण कणाश्माचे, म्हणजे ग्रॅनाइटचे आहे. कावेरीच्या सपाट, गाळाच्या प्रदेशात असा दगड मिळत नाही. तो दुरून आणावा लागला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कार्याची व्याप्ती कळून येते. १९८७ साली युनेस्कोने या मंदिराचा जागतिक वारशात समावेश केला आणि २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम् व दारासुरम् येथील मंदिरेही त्यास जोडली.

या मंदिराविषयी दोन गोष्टी वाटाडे हटकून सांगतात. एक, विमानाची सावली भूमीवर पडत नाही. आणि दुसरी, शिखराचा घुमट एकाच अखंड शिळेचा आहे. पहिली गोष्ट सकाळी अथवा सायंकाळी आवारात उभे राहिले की डोळ्यांनीच खोटी ठरते, सावली चांगली लांबवर पडते. घुमटही अनेक शिळा एकत्र सांधून केला आहे, असे अभ्यासक सांगतात. अशा आख्यायिकांवाचून या देवालयाचे काहीच उणे होत नाही. खरे आश्चर्य त्याच्या जोत्यावर कोरलेले आहे.

जोत्याभोवती तमिळ अक्षरांच्या ओळींमागून ओळी गेलेल्या दिसतात. राजराजाची आज्ञाच अशी होती की, आपण, आपल्या थोरल्या भगिनीने, राण्यांनी आणि इतरांनी देवाला जे जे दिले ते सारे दगडावर लिहून ठेवावे. ही थोरली भगिनी म्हणजे कुंदवै. त्याप्रमाणे देवाचे दागिने वजनासह नोंदले गेले, दिव्यांसाठी दिलेली गुरे नोंदली गेली, धातूच्या मूर्तींची वर्णने नोंदली गेली. निरनिराळ्या देवालयांतून येथे आणलेल्या चारशे नर्तिकांची नावे आणि त्यांस दिलेली घरे यांचीही नोंद तेथे आहे. स्तोत्रे गाणारे, छत्र धरणारे, दिवे लावणारे, कुंभार, परीट, शिंपी अशा सेवेकऱ्यांचाही विसर पडलेला नाही. देवाच्या सेवेत कोणीही क्षुद्र नाही, ही भावना हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजाने दगडावर उमटविली आहे. एवढ्या तपशिलाने कोरून ठेवण्याचे महत्त्व मूर्तिशाळेत गेल्यावर अधिक कळते.

प्राकारात फिरताना एकेका शतकाचे हात दिसत जातात. बृहन्नायकी देवीचे मंदिर तेराव्या शतकातील पांड्यांच्या काळचे. सुब्रह्मण्याचे कोरीव कामाने नटलेले मंदिर आणि सुमारे बारा फूट उंचीचा एकाच पाषाणातील नंदी नायकांच्या काळचे. आणि नैर्ऋत्य कोपऱ्यातील गणपतीचे मंदिर मराठ्यांनी पुन्हा बांधविलेले. बाहेरच्या पहिल्या वेशीला आजही ‘मराठा प्रवेशद्वार’ म्हणतात. गर्भगृहाभोवतीच्या आतील प्रदक्षिणामार्गावर चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. नायककालीन चित्रांच्या थराखाली ती झाकली गेली होती. अण्णामलै विश्वविद्यालयाचे एस. के. गोविंदस्वामी यांनी १९३१ साली ती उजेडात आणली. तो मार्ग सर्वसामान्य यात्रिकांस खुला नसतो. परंतु पुरातत्त्व खात्याने आवारातच मांडलेल्या दालनात त्या चित्रांची छायाचित्रे पाहावयास मिळतात.

दर्शनासंबंधी एक सूचना करणे आवश्यक वाटते. आपल्याकडील अनेक शिवालयांत भाविक स्वहस्ते पिंडीवर जल आणि बेल वाहतो. तमिळ देशात पूजा अर्चकांनीच करावयाची असते आणि भाविकाने दुरून दर्शन घ्यावयाचे असते. येथील लिंग इतके प्रचंड आहे की अभिषेकासाठी अर्चकांनाही उंचावर चढावे लागते. तेव्हा पिंडीला हात लावता आला नाही म्हणून मन खट्टू करून घेऊ नये. मंदिर साधारणतः सकाळी सहा ते साडेबारा आणि दुपारी चार ते साडेआठ या वेळांत उघडे असते. अनवाणी चालावे लागत असल्याने, विशेषतः वृद्ध व लहान मुले बरोबर असतील तर, फरशी तापण्यापूर्वीच्या सकाळच्या अथवा उन्हे उतरल्यानंतरच्या वेळा पाळाव्यात.

भिंतीवरचा मराठी लेख

प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर मराठी यात्रिकाने आवर्जून थांबावे. तेथे भोसले वंशाचे चरित्र बाळबोध लिपीत, मराठी भाषेत कोरलेले आहे. जगातील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना करतात. तो कोरविला तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी, इ. स. १८०३ मध्ये.

हे साल ध्यानात घेण्याजोगे आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरात भोसल्यांची सत्ता स्थापिली. सव्वाशे वर्षांनंतर, १७९९ च्या तहाने सरफोजीराजांच्या हातून राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांच्या अधिकारात तंजावरच्या किल्ल्यापलीकडे फारसे काही उरले नाही. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत त्यांनी आपल्या कुळाची हकीकत शिवालयाच्या भिंतीवर लिहविली. राज्य गेले, निदान नाव, वंश आणि स्मृती तरी महादेवाच्या पदरी सुरक्षित राहाव्यात, असा भाव त्यामागे असावा असे वाटल्यावाचून राहत नाही. आठ शतकांपूर्वी राजराजाने ज्या श्रद्धेने दाने कोरविली, त्याच श्रद्धेने या मराठी राजाने इतिहास कोरविला. तमिळ सम्राटाचे अक्षर आणि मराठी राजाचे अक्षर एकाच देवाच्या छायेत नांदत आहे.

हा लेख वाचण्यास सकाळचा तिरपा प्रकाश बरा. घरातील मुलांकडून दोन-चार ओळी अवश्य वाचवून घ्याव्यात. जुनी भाषा प्रथम अडखळविते. पण परप्रांती, तमिळ जनांच्या गर्दीत, दगडावरील मराठी शब्द मुलाच्या तोंडून उच्चारला गेला की जो संस्कार होतो तो पाठ्यपुस्तकाने होणार नाही. मात्र अक्षरांवरून हात फिरवू नये, त्यांत कुंकू वा खडू भरू नये. हजारो हातांच्या स्पर्शाने दगडही झिजतो.

मूर्तिशाळेतील देव

दुसऱ्या दिवशीची सकाळ राजवाड्यासाठी राखून ठेवावी. नायकांनी बांधलेला आणि पुढे मराठ्यांनी वाढविलेला हा वाडा विस्तीर्ण आहे. मराठ्यांचा दरबार, उंच मनोरे, मोठमोठे चौक यांतून फिरण्यास वेळ लागतो. पैकी नायकांच्या दरबार दालनात व लगतच्या भागांत १९५१ साली मूर्तिशाळा स्थापन झाली. पाषाणमूर्ती तेथे पुष्कळ आहेत. परंतु तिची कीर्ती आहे ती चोळकालीन पंचधातूच्या मूर्तींसाठी.

येथे भाविकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो आणि तो प्रामाणिक आहे. ज्या मूर्तीपुढे दिवा नाही, नैवेद्य नाही, जिला कधी स्नान घातले जात नाही, ती पाहताना हात जोडावेत की केवळ कलाकृती म्हणून कौतुक करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्या मूर्ती तेथे आल्या कशा, हे जाणून घेतले पाहिजे.

दक्षिणेत गर्भगृहातील मूळ देव अचल असतो. उत्सवाच्या दिवशी मिरवणुकीने बाहेर येतात त्या धातूच्या उत्सवमूर्ती. जो मंदिरात येऊ शकत नाही, त्या आजाऱ्याच्या, वृद्धाच्या दारी देवानेच जावे, असा त्यातील भाव. पुढे आक्रमणांचा काळ आला. १३११ मध्ये मलिक काफूरची स्वारी मदुरेपर्यंत पोहोचली. धातूची मूर्ती हाती लागली तर ती वितळविली जाणार, हे अर्चक जाणून होते. अशा संकटात मूर्ती भूमीत निक्षेप करण्याचा विधी आगमग्रंथांतच सांगितला आहे. मूर्तीतील देवत्व मूळ देवाच्या ठायी आवाहित करावे आणि मग ती गुप्तपणे पुरून ठेवावी. अनेक ठिकाणी पुरणारे हात परत आलेच नाहीत. जागा कोणाला सांगण्याआधीच ते काळाच्या पडद्याआड गेले. मग शतकानुशतकांनी कुठे नांगराच्या फाळाला, कुठे पायाच्या खोदाईत एखादा हात, एखादा मुकुट लागला आणि देव पुन्हा उजेडात आला. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यान्वये अशा कित्येक मूर्ती सरकारजमा झाल्या आणि संग्रहालयांत विसावल्या.

तंजावरच्या मूर्तिशाळेतील सर्वांत विख्यात मूर्ती तिरुवेंकाडूची आहे. १०११ च्या सुमाराची ही वृषवाहन शिवाची मूर्ती. जटा नागांसह फेट्याप्रमाणे गुंडाळलेल्या, एक पाय किंचित दुमडून दुसऱ्या पायावर आडवा टेकविलेला, मुखावर मंद स्मित. उजवा हात वाकवून नंदीच्या पाठीवर ठेवलेला असा. तो नंदी मात्र आज नाही. देवाचा हात रिकाम्या जागेवर तसाच टेकलेला आहे. शेजारी पार्वती उभी आहे. हा रिकामा हात पाहताना शिल्पकाराच्या कौशल्याबरोबर आपण काय काय गमावले आहे याचीही जाणीव होते. राजराजाच्या शिलालेखांत वर्णिलेल्या बृहदीश्वराच्या धातुमूर्तींपैकीही फारच थोड्या उरल्या आहेत. काय गेले हे आज सांगता येते, ते केवळ तो राजा दगडावर लिहून गेला म्हणून.

आणि ही हानी केवळ जुन्या काळची नाही. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील पत्तूर या गावी १९७६ साली एका मजुराला भूमीत नटराजाची मूर्ती सापडली. ती चोरट्या वाटेने विकली जात जात लंडनला पोहोचली. भारताच्या बाजूने तेथील न्यायालयात दावा मांडला गेला आणि पत्तूरच्या ओसाड मंदिरातील शिवासही त्यात पक्षकार मानले गेले. १९८८ मध्ये निर्णय भारताच्या बाजूने लागला, अपिलातही तो टिकला आणि १९९१ साली नटराज मायदेशी परतला. खुद्द बृहदीश्वराच्या मंदिरातून अनेक वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या राजराज आणि त्याची राणी लोकमहादेवी यांच्या मूर्ती तामिळनाडूच्या मूर्तिचोरीविरोधी पोलीस पथकाने २०१८ साली गुजरातमधून परत आणल्या.

हे सारे मनात ठेवून मूर्तिशाळेत शिरले म्हणजे मघाच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप सापडते. या मूर्ती कुणा भक्तांनी प्राणांपलीकडे जपल्या. ज्या हातांनी त्या पुरल्या त्यांची पूजा अपुरी राहिली आहे. आपण त्यांपुढे क्षणभर स्तब्ध उभे राहून मनोमन नमस्कार केला तर ती पूजा काही अंशी तरी पुढे चालू राहील. फूल वाहू नये, कुंकू लावू नये, स्पर्श करू नये. त्याने धातूची हानी होते. मानसपूजेला आपल्या शास्त्रात मोठे स्थान आहे, आणि तिच्यासाठी याहून योग्य जागा कोणती?

सरस्वती महाल

मूर्तिशाळेस लागूनच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्याचा प्रारंभ नायकांच्या काळी झाला. पण त्याला आजचे वैभव आणले सरफोजीराजांनी. राज्यकारभार हातून गेल्यावर या राजाने आपली सारी शक्ती विद्येकडे वळविली. काशीयात्रेस गेले असता त्यांनी तेथूनही हस्तलिखिते संग्रहित केली. वैद्यकासाठी धन्वंतरी महाल उभारला, देवनागरी टंकांचा छापखाना चालविला. स्वतःच्या पुस्तकांवर ते आपली स्वाक्षरी करीत.

१८५५ साली त्यांचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनी सरकारने राज्याबरोबर खासगी मालमत्तेवरही जप्ती आणली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. पुढे सरकारने मालमत्ता परत केली, आणि अखेर १९१८ साली भोसले कुटुंबाने हे ग्रंथभांडार लोकार्पण केले. आज तेथे पन्नास हजारांच्या जवळपास हस्तलिखिते आहेत. बहुतांश संस्कृत, त्याखेरीज तमिळ, तेलुगू आणि सुमारे तीन हजार मराठी. मोडी लिपीतील दफ्तर आहे ते वेगळेच. शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस रचलेली मराठी नाटके तंजावरच्याच दरबारातील; मराठी रंगभूमीच्या आरंभाचा शोध घेणाऱ्यांना येथवर यावेच लागते.

यात्रेकरूला मूळ पोथ्या हाताळता येत नाहीत; त्या अभ्यासकांसाठी आहेत. पण ग्रंथालयाच्या छोट्या संग्रहालयात ताडपत्रे आणि सचित्र पोथ्या मांडून ठेवलेल्या असतात. त्या पाहण्यास तास-दीड तास पुरतो. ग्रंथालयाला आणि मूर्तिशाळेला दुपारची विश्रांती व सुट्टीचे दिवस असतात. निघण्यापूर्वी वारांची चौकशी करावी, म्हणजे दूरवर जाऊन दारे बंद दिसण्याचा प्रसंग येणार नाही.

दोन दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून सायंकाळी बृहदीश्वराचे दर्शन घ्यावे. मावळतीच्या उन्हात विमान सुवर्णवर्ण होते आणि सायंपूजेचे नागस्वर कानी पडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मंदिरात जाऊन शिलालेख, मराठी लेख आणि उपदेवता सावकाश पाहाव्यात. न्याहारीनंतर राजवाडा, मूर्तिशाळा आणि सरस्वती महाल. तिसरा दिवस हाती असेल तर कावेरीतीरावरील तिरुवैयारू येथे संत त्यागराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन कुंभकोणमकडे जावे. वाटेत स्वामीमलै येथे मेणाच्या साच्यावरून धातुमूर्ती ओतणारे स्थपती आजही तोच प्राचीन व्यवसाय करीत आहेत. मूर्तिशाळेत पाहिलेल्या मूर्ती कशा घडल्या असतील, हे तेथे प्रत्यक्ष दिसते. जवळच दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर आहे.

तंजावरात आजही मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या बोलीवर तमिळ वळण चढले आहे, पण देव्हाऱ्यातील कुळाचार टिकून आहेत. समर्थ संप्रदायाचे मठ येथे रुजले. आपल्या कीर्तनाच्या साच्यातून तमिळ हरिकथा बहरली, आणि साकी, दिंडी, ओवी ही नावे तेथील हरिदासांच्या तोंडी राहिली. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले आहे.

राजराजाने दगडावर लिहिले, अनामिक अर्चकांनी देव मातीच्या कुशीत लपविले, सरफोजीराजांनी पोथ्या गोळा केल्या. तिघांनीही, आपल्यामागून येणारा कोणीतरी हे पाहील, वाचील, हात जोडील, एवढाच विश्वास धरला होता. तो मागून येणारा म्हणजे आपणच. या महाशिवरात्रीला शिवनामस्मरण करताना तंजावरच्या यात्रेचा संकल्प सोडावा, आणि बृहदीश्वराच्या कृपेने तो सिद्धीस जावो, हीच प्रार्थना.